डाउन पेमेंट साठत न्हाय राव, तीनदा मोडलं

शिरोळचा मशिनिस्ट

मंडळी, माझा हिशोब बघा आणि कुठं चुकतंय ते तोंडावर सांगा.

वय २८. आयटीआय मशिनिस्ट. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला सीएनसी मशीनवर आहे, हातात २७,४०० पडतात. बायको शाहूपुरीत एका होलसेल दुकानात बिलिंगला, तिला १८,०००. राजेंद्रनगरला भाड्याची दोन खोल्यांची जागा, ६,५०० भाडं. बाईकचा हप्ता ३,४००, अजून दोन वर्षं जवळजवळ. पोस्टात आरडी ७,००० ची आणि कारखान्यात आमच्या शॉपमध्ये १२ जणांची भिशी, ५,००० ची. सगळं मिळून आज २ लाख १५ हजार बाजूला आहेत.

आता तुम्ही म्हणाल आठ वर्षं नोकरी करून एवढेच? तेच तर सांगायला बसलोय. २०१९ ला माझ्याकडं पहिले ४५ हजार साठले होते. ऑगस्टमध्ये पूर आला, गावाकडच्या घराची मागची भिंत बसली, पैसे भिंतीत गेले. परत सुरुवात केली, तर २०२१ ला पुन्हा पाणी. तेव्हा घर टिकलं, पण धान्य, म्हशीचा गोठा, मोटार सगळं गेलं. २०२३ ला बहिणीचं लग्न, त्यात २ लाख. ह्यातलं काहीच फुकट गेलं असं मी म्हणत नाही. पण घरात "पोराकडं पैसे हैत" एवढं कळलं की त्या पैशाला पाय फुटतात. आप्पा मागत नाहीत कधी. नुसते गप्प बसून राहतात, आणि मग मीच काढून देतो.

फ्लॅटचं म्हणाल तर जरगनगरकडं एक वन बीएचके बघितलाय, काम चालू आहे, २९ लाख सांगतोय. बिल्डरच्या ऑफिसातला पोरगा म्हणाला, "दहा टक्के भरा, बाकी बँक देते." म्हणजे २ लाख ९० हजार. मला वाटलं पोचलोच की आपण. मग तोच पोरगा हळूच म्हणतो, अ‍ॅग्रीमेंट २४ लाखांचं करू, ५ लाख रोख द्या, स्टँप ड्युटी वाचते तुमची.

त्याआधी नदीकडच्या बाजूला एक जुना फ्लॅट बघितला होता, तळमजला, २१ लाख. एजंट म्हणतो, इथं पाणी कधी आलंच नाही. पार्किंगच्या खांबांना छातीएवढ्या उंचीपर्यंत नवा रंग, त्याच्या वर जुना. पाणी उतरल्यावर भिंतीवर चहाच्या रंगाची रेघ राहते, ती कशी झाकतात ते मला कोण शिकवणार? आम्ही दोनदा झाकलीय. चहा पिऊन परत आलो.

तर प्रश्न दोन. खरंच किती पैसे लागतील? आणि साठवलेले पैसे घरच्यांपासून लपवावेत का?

---

फौंड्रीकर

लपव भावा. मी सहा वर्षं लपवले, कुणाला पत्ता लागू दिला नाही. बायकोलापण माहीत नव्हतं. कळल्यावर आठ दिवस बोलली नाही ते वेगळं.

आणि तुझा पीएफ कुठंय? त्याचा आकडाच लिहिला नाहीस. मी २०२२ ला घरासाठी पीएफमधून उचल घेतली, पाच वर्षं सर्व्हिस झालेली होती म्हणून मिळाली. नोकरी बदलली असशील तर आधी जुन्या कंपनीचा पीएफ नव्यात ट्रान्सफर करून घे, म्हणजे सर्व्हिस जोडून धरतात. माझी फाईल दोन महिने ह्याच एका कारणानं लटकली होती. जुन्या रेकॉर्डला माझ्या नावात एक अक्षर कमी होतं.

भिशीचं जपून. आमच्या जुन्या शॉपमधल्या एकानं पहिलीच चिठ्ठी उचलली आणि पुढच्या महिन्यात काम सोडून गेला. फोन बंद. त्याचे हप्ते आम्ही अकरा जणांनी वाटून भरले.

---

कर्ज विभागातून निवृत्त

बँकेत २६ वर्षं गृहकर्जाच्या फाईली बघितल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दहा टक्क्यांचं गणित कागदावर खरं आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, त्याच्या वर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. पण ती झाली वरची मर्यादा. तुम्हाला किती मिळणार ते तुमचा पगार ठरवतो, आणि ऑफिसातला पोरगा हे कधी सांगत नाही.

साधारणपणे सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत चालतात. तुमचे दोघांचे ४५,४००, म्हणजे २२,७००. त्यातून बाईकचे ३,४०० गेले, उरले १९,३००. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर लाखाला हप्ता साधारण ८६८ रुपये. म्हणजे कर्ज २२ लाखांच्या आसपास. बाईकचा हप्ता नसता तर २६ लाख. तुमची बाईक तुमच्या घरातले जवळजवळ चार लाख खाते आहे. ते कर्ज आधी संपवा. शिल्लक किती आहे?

दुसरं, तुमच्या मंडळींचा पगार खात्यावर येतो की पाकिटात? होलसेल दुकान म्हटलं म्हणून विचारतो. पाकिटात येत असेल तर बँकेच्या लेखी तो पगार नाहीच. मग एकट्या तुमच्या पगारावर, बाईक धरून, १२ लाखसुद्धा अवघड. मालकांना सांगून या महिन्यापासून खात्यावर घ्या, आयकर रिटर्न भरायला लागा. कर भरावा लागणार नाही, पण कागद तयार होतो.

आता वरचा खर्च. महापालिका हद्दीत स्टँप ड्युटी सगळं धरून ६ टक्के: २९ लाखांवर १ लाख ७४ हजार. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार, तुमची २९ हजार. काम चालू असलेला फ्लॅट म्हणून जीएसटी. ४५ लाखांच्या आतला आणि ९० चौरस मीटर कार्पेटच्या आतला असल्यानं १ टक्का, आणखी २९ हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेला फ्लॅट घेतला तर हा जीएसटी नाही. बँकेची फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीची तपासणी), व्हॅल्युएशन मिळून वीसेक हजार. मीटर, पार्किंग, सोसायटीच्या नावाखाली बिल्डर लाख-सव्वा लाख लावतो, ते आधी लिहून घ्या. यातलं स्टँप ड्युटी, नोंदणी वगैरे बँक किमतीत धरत नाही, पदरचंच जातं.

तेव्हा २५ लाख कर्ज मिळालं असं धरा: पदरचे चार लाख आणि वरचे पावणेचार. पावणेआठ लाख हा तुमचा आकडा, २ लाख ९० हजार नाही.

२५ का म्हटलं? प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. २६ घेतलंत की बाहेर. अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यावर येतं. डाउन पेमेंटला त्याचा उपयोग नाही, ते नंतर मिळतं. आणि तुमच्या किंवा पत्नीच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर असता कामा नये.

रोखीचं आता. अ‍ॅग्रीमेंट २४ चं झालं की बँक ९० टक्के २४ लाखांचे देणार, म्हणजे २१ लाख ६० हजार. ५ लाख रोख आणि वर २ लाख ४० हजार पदरचे. स्टँप ड्युटीत ३० हजार वाचवायला पदरचे साडेसात लाख काढायचे. शिवाय घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं आयकर कायद्यात चालत नाही, आणि त्या पाच लाखांची पावती तुम्हाला कोण देणार? प्रकल्प महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला मागता येत नाहीत.

---

शिरोळचा मशिनिस्ट

काका, पगार पाकिटातच येतो. कसं ओळखलंत? बायकोला विचारलं तर म्हणाली मालक म्हणतात "कशाला बँकेची भानगड". उद्या ती विचारणार आहे.

बाईकचे ७१ हजारांच्या आसपास शिल्लक. पीएफ दोन ठिकाणचा मिळून दोन लाखांच्या वर आहे, जुना अजून जोडलेला नाही, फौंड्रीकर दादा तुमच्यासारखंच. त्यातले दोन धरले तर साडेतीन-पावणेचार लाख कमी पडतात. बाईक संपवून महिन्याला १५,४०० टाकले तर अडीच वर्षं. आकडा मोठा झालाय, पण दिसायला तरी लागला.

एका पतसंस्थेचा पिग्मीवाला रोज शॉपच्या गेटवर येतो, ठेवीला साडेनऊ टक्के देतो म्हणतो. आणि एक मित्र म्हणतोय सगळं एसआयपीत, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात टाक.

---

कर्ज विभागातून निवृत्त

अडीच वर्षांनी लागणारा पैसा शेअर बाजारात नको. त्याच महिन्यात बाजार पडला तर बिल्डर थांबणार नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण नसतं, सहकारी बँकेत असतं. पिग्मी रोजच्या शिस्तीला चांगली, पण साठली की उचलून बँकेत न्या.

---

साने गुरुजीवाली

वरचं सगळं वाचलं. पैशाचं काकांनी सांगितलंच आहे, मी लपवण्याबद्दल लिहिते.

मी स्टाफ नर्स आहे. २०२२ ला साने गुरुजी वसाहतीजवळ वन बीएचके रिसेल घेतला, माझ्या एकटीच्या नावावर. बाईच्या नावावर असल्यानं स्टँप ड्युटी एक टक्का कमी लागली. तेव्हा १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, २०२३ मध्ये ती गेली. तुमचं घर फक्त बायकोच्या नावावर केलंत तर तुमचेही २९ हजार वाचतील. दोघांच्या नावावर असेल तर सवलत नाही. आप्पांना काय वाटेल ते तुम्ही बघा.

तर लपवण्याचं. मी तीन वर्षं लपवलं आणि तीन वर्षांत दोनदा मोडलं, कारण घरच्यांना वाटायचं हिच्याकडं नुसते पडून आहेत. चौथ्या वर्षी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर बॉलपेननं मोठा आकडा लिहिला, ६ लाख ४०. दर महिन्याला त्यातून वजा करायचे. आई येता-जाता बघायची. भावाला गाडी घ्यायची होती तेव्हा मी काही बोलायच्या आधी आईच म्हणाली, "तिचे अजून दोन लाख दहा राहिलेत." पडून असलेल्या पैशाला सगळे हात लावतात. कमी पडत असलेल्या पैशाला माझ्या घरात तरी कुणी लावला नाही.

आप्पांना पावणेआठचा आकडा सांगा. नुसतं "घर घ्यायचंय" म्हणू नका, आकडा सांगा.

---

फौंड्रीकर

ताईंचं पटलं. माझी बायको हे वाचतेय, तिलापण पटलं.

---

शिरोळचा मशिनिस्ट

रविवारी गावाकडं जाऊन आलो. ताई, आकडा सांगितला. कागदावर लिहून दाखवला, बाईक, स्टँप, सगळं. आप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाले, "मीटरला वेगळे पैसे घेतात व्हय?" पुढं अर्धा तास मीटरवरच बोललो. सुनेच्या नावावर घर म्हटल्यावर जरा थांबले, मग म्हणाले २९ हजार म्हणजे गोठ्याचं पत्र्याचं काम होतंय की.

एक घोळ मात्र निघाला. पुरानंतर २०२१ ला पंचनामा आणि कागदपत्रांच्या गडबडीत आप्पांनी ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर माझंही नाव लावून घेतलंय. मला आत्ता कळतंय. घर पक्कं आहे, भिंत तर माझ्याच पैशाची. काका, मग ते अनुदान?

---

कर्ज विभागातून निवृत्त

पक्क्या घराच्या उताऱ्यावर नाव असताना "घर नाही" असं शपथपत्र देऊ नका. पुढं वसुली निघते. तुमच्या पावणेआठच्या गणितात ते १ लाख ८० हजार आपण धरलेच नव्हते, त्यामुळं आकडा तोच राहतो. बाईकचं काय झालं?

---

शिरोळचा मशिनिस्ट

शनिवारी भिशीचा डबा उघडला. पेढ्याचा स्टीलचा डबा आहे, त्यात चिठ्ठ्या. माझी नाही निघाली, ग्राइंडिंगवरच्या पोराची निघाली. त्याला मोबाईल घ्यायचाय, त्यामुळं बदलून मागितलं नाही. आता तिघंच उरलोय, पुढची चिठ्ठी १० तारखेला.

बाईकचं फोरक्लोजर लेटर (कर्ज मुदतीआधी संपवायला किती भरायचे त्याचं पत्र) मागवून ठेवलंय, ७१,३०० आलाय. आणि बायकोचा पगार ह्या महिन्यापासून खात्यावर येणार. मालक म्हणाले, एवढंच होतं तर आधी सांगायचं की.