हेन्स्लोंच्या पत्रातला 'बम-बेलिफ': मराठीत काय लिहावं?

पानफुटी
आमच्या विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रिकेसाठी जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो यांच्या एका पत्राचा अनुवाद करतेय. हेन्स्लो केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्र २४ ऑगस्ट १८३१ चं, चार्ल्स डार्विनला लिहिलेलं. लांबच्या सफरीवर निघणाऱ्या 'बीगल' जहाजावरच्या जागेची बातमी देणारं. शेवटी ते म्हणतात, आपण लायक नाही असल्या विनयाच्या शंका काढत बसू नकोस, ते लोक शोधताहेत तो माणूस तूच आहेस. आणि सहीच्या वर लिहितात की तुझ्या बम-बेलिफानं, म्हणजे तुझ्या स्नेह्यानं, तुझ्या खांद्याला हात लावला असं समज. मंडळातल्या एका ज्येष्ठांचा आग्रह आहे की इथे 'खांद्यावर थाप मारली' लिही. मला ते पटत नाही. थाप म्हटली की मराठीत शाबासकीच डोळ्यांपुढे येते. बेलिफ काय शाबासकी द्यायला येतो? शिवाय 'बेलिफ'लाही मराठी शब्द हवाय. सुचवा.

निवृत्त नाझर
बेलिफ हा मराठीच शब्द आहे. दिवाणी न्यायालयात आजही ते पद आहे, त्याची भरती निघते. मी नाझर होतो, बेलिफांना समन्स वाटून देणं हे माझं रोजचं काम. पक्षकारांच्या तोंडी 'आदेशिकावाहक' मी एकदाही ऐकला नाही. 'दारात बेलिफ आला' म्हटलं की घरातली म्हातारी माणसंसुद्धा उठून बसायची. मात्र आपला बेलिफ समन्स बजावतो, जप्ती करतो. पत्रातला बम-बेलिफ देणेकऱ्याला धरायला यायचा. कर्जापायी तुरुंगात टाकणं तेव्हा इंग्लंडात सर्रास चालायचं. तुम्ही 'बजावणे' हे क्रियापद वापरून बघा: 'तुझ्यावर समन्स बजावलं असं समज.'

कैफियत
मराठीत अस्सल शब्द असताना बेलिफ कशाला? मोहसल! पेशवाईच्या कागदांत जागोजाग सापडतो. वसुलीसाठी सरकारचा माणूस देणेकऱ्याच्या दारी बसवत आणि त्याचा खर्चही देणेकऱ्याच्याच माथी मारत. पत्र १८३१ चं आहे आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्तीही मुंबईत १८३१ सालीच निघाली. त्या काळाचं पत्र त्या काळाच्या मराठीत यायला हवं.

साधी मराठी
भित्तिपत्रिका आठवी-नववीची मुलं वाचणार. मोहसल वाचून त्यांना काय कळेल? तळटीप लागली की गंमत मेली. 'तुझं बखोट धरायला आलेला तुझा स्नेही' एवढं पुरे. माझी आजी 'बखोट धरून शाळेत नेऊन बसवीन' म्हणायची. त्यात धाकही होता आणि मायाही.

दगडफूल
मोहसल आणि बम-बेलिफ यांच्यात मोठा फरक आहे. मोहसल समोर दारात ठाण मांडतो, बम-बेलिफ मागून येतो. 'बम' म्हणजे पार्श्वभाग. अगदी पाठीशी येऊन पकडणारा म्हणून हे नाव पडलं, असं कोशकार मानतात. १८व्या शतकातले कायदेपंडित ब्लॅकस्टन यांना ते 'बाउंड बेलिफ'चं बिघडलेलं रूप वाटलं होतं, कारण या माणसांना शेरीफाकडे जामीन लिहून द्यावा लागे. मला पहिली व्युत्पत्ती जास्त पटते.

'बखोट'ही मला नको वाटतं. बखोट धरण्यात ओढाताण आहे. इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्यात बेलिफाचा नुसता हात अंगाला लागला की अटक पुरी व्हायची, झटापट करायची गरज नसे. हेन्स्लोंनी नेमका तो स्पर्श उचललाय. आणि तो करणारे कोण? या सफरीसाठी आधी त्यांचे मेव्हणे लेनर्ड जेनिन्स यांना विचारलं गेलं, पण त्यांच्यावर चर्चची जबाबदारी होती, त्यांनी नकार दिला. मग हेन्स्लो स्वतःच जायच्या विचारात होते. पत्नीनं न विचारता संमतीही दिली, पण तिचा चेहरा इतका उतरला की त्यांनी तो विषय तिथेच संपवला. हे सगळं डार्विनच्याच पत्रात आलंय. स्वतःला हवी असलेली सफर ३५ वर्षांचा शिक्षक २२ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हाती देतोय. ते बखोट धरून कसं देणार? 'मागून येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवलाय' असं साधं लिहा.

अनुनासिक
सगळे 'बेलिफ' लिहिताहेत. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ, म्हणून 'बेलीफ' हवं.

निवृत्त नाझर
आमच्या कार्यालयात पाटीवर एक आणि हजेरीपटावर दुसरं होतं. पगार दोन्हींवर निघायचा.

केवडा
मायना काय घेतला आहे? मूळ पत्र 'माय डिअर डार्विन' असं आहे. मराठीत गुरू शिष्याला लिहिताना 'चि. चार्ल्स यास अनेक आशीर्वाद' म्हणेल. आमच्या घरातल्या जुन्या पत्रांत सगळीकडे तेच आहे.

दगडफूल
'चि.' घातलात तर त्यांचं नातंच बदलेल. हेन्स्लोंनी आडनावानं हाक मारली आहे, ती बरोबरीच्या माणसाला मारतात. केंब्रिजमध्ये डार्विनची ओळखच 'हेन्स्लोंबरोबर फिरणारा' अशी झाली होती. पत्राची सुरुवातही कामाच्या गोष्टीनं नाही. दोघांचे मित्र रॅम्झी नुकतेच वारले होते, आधी त्यांचं दुःख वाटून घेऊ, असं हेन्स्लो लिहितात. 'प्रिय डार्विन' आणि पुढे 'तू', एवढंच ठेवा.

पानफुटी
मायना 'प्रिय डार्विन'च ठेवते. आता दुसरी अडचण सांगते. त्याच पत्रात हेन्स्लो म्हणतात की मी तुला सुचवलं ते तू 'फिनिश्ड नॅचरलिस्ट' आहेस अशा समजुतीनं नाही. गोळा करायला, निरखायला आणि टिपून ठेवण्याजोगं टिपून ठेवायला तू पुरेपूर लायक आहेस म्हणून. 'परिपूर्ण निसर्गशास्त्रज्ञ' लिहिलं तर कसं वाटतं?

कैफियत
परिपूर्ण कोणीच नसतो. 'निष्णात' लिहा.

साधी मराठी
'तयार' लिहा. गाण्यात 'तयार गवई' म्हणतात, आंबा 'तयार झाला' म्हणतात. आत सगळं आहे, फक्त अढीत ठेवायचं बाकी आहे. मला तर हेन्स्लोंना हेच म्हणायचं होतं असं वाटतं.

दगडफूल
'तयार' फार सुंदर. पण 'तू तयार निसर्गशास्त्रज्ञ नाहीस' असं वाचताना 'रेडीमेड' ऐकू येण्याचा धोका आहे. आणि मला 'शास्त्रज्ञ'च खटकतो. ज्याचं भाषांतर आपण शास्त्रज्ञ करतो तो इंग्रजी 'सायंटिस्ट' शब्द १८३१ मध्ये जन्मलाच नव्हता. तो सुचवला विल्यम ह्यूएल यांनी, १८३३ च्या केंब्रिजच्या परिषदेत, आणि छापून आला १८३४ मध्ये. हेन्स्लो आधी खनिजशास्त्राचे प्राध्यापक होते. ते सोडल्यावर १८२८ मध्ये त्या जागी ह्यूएलच आले. म्हणजे शब्द त्यांच्या शेजारच्याच माणसानं घडवला, पण या पत्रानंतर. 'निसर्गाचा अभ्यासक' बरा.

कैफियत
हे मला मान्य नाही. 'शास्त्र' आपल्याकडे किती शतकं आहे! इंग्रजी शब्द कधी जन्मला त्यावर मराठी शब्दाची परवानगी का अवलंबून ठेवायची? 'सृष्टिशास्त्रज्ञ' लिहा, बिनधास्त लिहा.

साधी मराठी
मघाशी १८३१ चा मोहसल हवा म्हणून काळाचा मुद्दा तुम्हीच आणला होता. आता काळ नको?

कैफियत
मोहसल हा मराठीतला काळ होता. हा इंग्रजीतला आहे. दोन्ही एका मापानं मोजू नका.

केवडा
गोळा करण्यावरून आठवलं. बीगलवरून खोके केंब्रिजला यायचे ते हेन्स्लोंच्याच नावे. जानेवारी १८३३ च्या पत्रात त्यांनी डार्विनला सांगितलंय की तुकडे-ताकडे पाठवू नकोस, मूळ, फुलं, पानं असलेला शक्य तितका संपूर्ण नमुना पाठव. मोठी नेची एका बाजूला स्वतःवरच दुमड म्हणजे कागदात मावतील. शिवू नकोस, न शिवता ती प्रवासात चांगली राहतात. आणि २२३ क्रमांकाची वस्तू म्हणजे नक्की काय, ती तर विजेच्या स्फोटातून उरलेल्या काजळीच्या गोळ्यासारखी दिसतेय, असंही विचारलंय! मी बी.एस्सी.ला टणटणी, कुर्डू, तेरडा टिपकागदात दाबून बसायचे आणि सर 'मुळं कुठायत?' म्हणून शीट परत द्यायचे. आम्ही 'हर्बेरियम' आणि 'शीट'च म्हणायचो. पाठ्यपुस्तकातला 'शुष्क वनस्पतिसंग्रह' परीक्षेपुरता.

पानफुटी
टिपणीत हर्बेरियमचा उल्लेख येणार आहेच. हेन्स्लोंची साडेतीन हजारांहून अधिक शीट्स केंब्रिजला आहेत. बऱ्याच शीट्सवर एकाच जातीची अनेक झाडं शेजारी शेजारी लावली आहेत, निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेली, उंच, बुटकी, रुंद पानाची, अरुंद पानाची. एका जातीत किती फरक पडू शकतो ते एका नजरेत दिसावं म्हणून. याला ते 'कोलेट' करणं म्हणत. 'जुळणी' लिहू का?

निवृत्त नाझर
जुळणी नको, ती छापखान्यात होते. कोर्टात नक्कल अस्सलाशी 'रुजू' घालतात, म्हणजे ताडून पाहतात.

कैफियत
'रुजू घालणे' उत्तम, पण त्यात एक प्रत अस्सल ठरलेली असते. हेन्स्लोंच्या शीटवर अस्सल कुठलं? कोलेट हा पोथ्यांचा शब्द आहे. एका ग्रंथाच्या दहा हस्तलिखितांतल्या ओळी शेजारी ठेवून पाहायच्या, त्याला आपण 'पाठभेद पाहणे' म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांवर हे काम किती पिढ्यांनी केलंय! त्याच धर्तीवर 'रूपभेद' म्हणा. शीटला 'रूपभेदपत्र'.

दगडफूल
'रूपभेद' मला पटला, 'पत्र' नको. एकाच लेखात हेन्स्लोंची पत्रंही आहेत, वाचणारा गोंधळेल. पण तुमच्या उपमेत एक अडचण आहे. पोथ्यांचे पाठभेद पाहणारा मूळ पाठ शोधत असतो, फरक त्याला लेखनिकाची चूक वाटते. हेन्स्लोंना फरकच हवे होते. कुठवर फरक पडला तरी जात एकच राहते, ती हद्द त्यांना आखायची होती. जाती स्थिर आहेत असंच ते मानत. ही शीट्स पाहत शिकलेला विद्यार्थी पुढे भलतीकडेच गेला.

कैफियत
पाठभेद म्हणजे लेखनिकाची चूक, हे अजिबात मान्य नाही. वारकरी परंपरेत दोन्ही पाठ गायले जातात. त्याचा वेगळा धागा काढतो, इथे पुरणार नाही.

केवडा
वेगळा धागा काढाल तेव्हा इथे दुवा द्या. आणि पानफुटी, 'शीट'चं अनेकवचन 'शीट्स' करू नका. आम्ही 'दहा शिटा सबमिट केल्या' म्हणायचो.

अनुनासिक
'शिटा' बरोबर आहे. सामान्यरूपही 'शिटेवर' व्हायला हवं.

साधी मराठी
'शिटेवर' मुलांच्या भित्तिपत्रिकेत? कृपा करून 'कागदावर' लिहा.