भक्षक म्हातारी-आजारी जनावरंच मारत असतील, तर भक्ष्याची उत्क्रांती घडते कशी?

रानवेडा
बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न. लांडगे कळपातलं पिल्लू, म्हातारं नाहीतर आजारी जनावर उचलतात, असं सगळीकडे वाचतो. पण म्हाताऱ्या जनावराची पिल्लं तर केव्हाच मोठी झालेली असतात. मग ते मेल्याने पुढच्या पिढीत काय फरक पडणार? भक्षकामुळे भक्ष्य चपळ होत जातं हे पटतं, पण नेमकं कसं ते कळत नाही. आणि हे घडताना कुणी पाहिलंय का, की सगळे जीवाश्मांवरून बांधलेले अंदाज?

गप्पीवाली
पाहिलंय, आणि तेही मी पाळते त्याच माशात, म्हणजे छोट्या गप्पी माशात, म्हणून जरा लांबण लावते.

म्हाताऱ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. वीण संपल्यावर मेलेल्या जनावराचा नैसर्गिक निवडीवर, म्हणजे कुणाचे गुण पुढच्या पिढीत जातात यावर, फारसा परिणाम होत नाही. पिल्लाचं तसं नाही. ते मेलं की त्याचा पुढचा सगळा वंश गेला. म्हणून भक्षक किती मारतो याच्या इतकंच, कुठल्या वयाचं मारतो हेही विचारायला हवं.

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरांतल्या ओढ्यांवर धबधबे आहेत. धबधब्याखाली क्रेनिसिक्ला नावाचा शिकारी मासा वयात आलेल्या मोठ्या गप्पी खातो. त्याला धबधबा चढता येत नाही. वर असतो रिव्ह्युलस, आकाराने लहान. तो बहुतेक पिल्लांवरच भागवतो. खालच्या गप्पी लहान असतानाच वयात येतात आणि भरपूर, पण बारीक पिल्लं देतात. मोठं झालं की खाल्लंच जाणार असेल, तर वाढत बसणारी गप्पी मागे काहीच ठेवत नाही. वरच्या गप्पी आधी अंग धरतात, मग मोजकी, थोराड पिल्लं देतात.

१९७६ साली जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी खालच्या गप्पी उचलून धबधब्यावरच्या, गप्पी नसलेल्या पट्ट्यात सोडल्या. ११ वर्षांनी, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांनी, त्यांचे वंशज उशिरा आणि मोठे होऊन वयात येत होते. हा नुसता पाण्याचा किंवा खाण्याचा परिणाम तर नाही ना, हे पाहायला डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी त्यांची संतती प्रयोगशाळेत सारख्याच परिस्थितीत वाढवली. दुसऱ्या पिढीतही फरक टिकला, म्हणजे तो आनुवंशिक होता. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण ही खातरजमा केली नसती तर कुणीही शंका काढली असती.

रंगांचंही असंच. नर मादीसाठी नटतो, पण ते ठिपके शिकाऱ्यालाही दिसतात. एंडलर यांच्या कृत्रिम तळ्यांत क्रेनिसिक्ला होता तिथे काही पिढ्यांत नरांचे ठिपके कमी आणि लहान झाले. शिकारी नव्हता तिथे वाढले.

रानवेडा
म्हणजे चपळ होणं ही अनेक वाटांपैकी एक. पण एक ठरावीक शिकारी आला की बदलाची दिशा तरी ठरून जाते ना?

सरडेमित्र
तीही पालटू शकते. जोनाथन लोसोस आणि सहकाऱ्यांनी बहामाच्या सहा चिमुकल्या बेटांवर जमिनीवर शिकार करणारा, वळलेल्या शेपटीचा मोठा सरडा सोडला; आणखी सहा बेटं तुलनेसाठी तशीच ठेवली. पहिल्या सहा महिन्यांत त्याचं भक्ष्य असलेल्या, तिथल्या छोट्या अ‍ॅनोल सरड्यांपैकी लांब पायांचे जास्त वाचले, कारण ते वेगाने पळत. मग अ‍ॅनोल जमीन सोडून बारीक फांद्यांवर राहू लागले. तिथे आखूड पाय सोयीचे, त्यामुळे पुढच्या सहा महिन्यांत आखूड पायांचे जास्त वाचले. शिकारी तोच, पण भक्ष्याची वागणूक बदलली आणि निवड उलटली.

गप्पीवाली
फक्त एवढं जोडते, की ही एकाच पिढीतली निवड आहे. तिला उत्क्रांती म्हणायला फरक पुढच्या पिढ्यांत उतरलेला दिसायला हवा.

रानवेडा
आणि शिकारीच नाहीसा झाला तर?

सरडेमित्र
उत्तर अमेरिकेतलं प्राँगहॉर्न हे हरणासारखं जनावर बघा. ताशी सुमारे ९० किलोमीटर पळतं आणि तिथल्या आजच्या कुठल्याही भक्षकाला ते गाठता येत नाही. हिमयुगाच्या शेवटी नामशेष झालेल्या चित्त्यासारख्या मार्जाराचा हा वारसा असावा, असा प्राणिशास्त्रज्ञ जॉन बायर्स यांचा तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही, पण मला पटतो. आज कोयोटी (लांडग्याचे छोटे भाईबंद) मारतात ती मुख्यतः पाडसं, आणि जन्मल्यावर पहिले काही दिवस पाडस पळत नाही, गवतात निपचित पडून राहतं. त्या वयात जीव वाचतो तो पायांमुळे नाही, लपण्यामुळे; म्हणजे हा वेग कोयोटींमुळे आलेला नसावा.