मदत हवी आहे: बाबांचा लिम्फोमा परत आलाय, कार-टी घेतलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. बाबा ६४ वर्षांचे. गेल्या वर्षी डीएलबीसीएल प्रकारचा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघाला. आर-चॉप नावाच्या केमोच्या सहा सायकल झाल्या, पेट स्कॅन स्वच्छ आला, आम्ही पेढेसुद्धा वाटले. आठ महिन्यांनी दाढी करताना त्यांच्याच बोटांना मानेत गाठ लागली, सुपारीएवढी. बायोप्सीत तोच आजार.

डॉक्टर म्हणतात, आधी वेगळी केमो देऊन बघू. गाठी विरघळल्या तर स्वतःच्याच स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट, नाहीतर कार-टी. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, एवढं वाचलंय. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, लॅबमध्ये त्यांना कॅन्सरच्या पेशींवरचं सीडी-१९ हे प्रथिन ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. ऐकायला छान वाटतं, पण खर्चाचा आकडा ऐकून आई पदर तोंडाला लावून बसली.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा: पेशी काढल्यापासून परत देईपर्यंत किती आठवडे गेले आणि तोवर आजार कसा आवरला? नंतरचा ताप, बीपी उतरणं, बोलण्यात गोंधळ होणं, हे कितपत झालं? आयसीयू लागलं का? मेडिक्लेमवाल्यांनी किती दिले? आमचा एजंट फोनच उचलत नाहीये. मुंबईत हॉस्पिटलजवळ महिनाभर राहायची सोय कुठे केलीत?

गुळवेल, गोमूत्र कृपया सुचवू नका. मावशीने आधीच बरणी भरून पाठवलीय.