अंदमान: जॉली बॉय आणि स्कूबा, बेत तपासून द्याल का?

मंडळी, फेब्रुवारीत आम्ही चौघं अंदमानला जातोय. मी, बायको, 9 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांची आई. आईला पोहता येत नाही, गुडघे कुरकुरतात, पण "मासे मलाही बघायचेत" असं तिने तिकिटं काढायच्या आधीच बजावलंय.

शनिवारी पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) पोचतो. रविवारी सेल्युलर जेल, सोमवारी वंडूरहून जॉली बॉय बेट, मंगळवारी बोटीने स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. गुरुवारी आम्ही दोघं दोन डाइव्ह करणार. दुपारी 2 ला पाण्याबाहेर, लगेच परतीची बोट आणि शुक्रवारी सकाळी 7 चं विमान.

खरी धास्ती डाइव्हची आहे. चार वर्षांपूर्वी तारकर्लीला एकदा केलं होतं. मिशीमुळे मास्क नीट बसेना, पाणी झिरपत राहिलं. नाकात खारं पाणी, उजव्या कानात सुई खुपसल्यासारखी कळ, आणि मला खाली नेणारा मुलगा सांगतोय कॅमेऱ्याकडे बघून हात हलवा! व्हिडिओत मी जगाचा निरोप घेतोय असं वाटतं. त्यात चष्मा उणे 5, त्यामुळे दिसलं काय, तर निळसर धुकं.

तर मिशी उतरवावीच लागेल का? (बायको "हो" म्हणते, पण ती लग्नापासूनच मिशीविरोधी आहे.) कानाचं काय करायचं? मुलाला डाइव्ह देतील का? आणि आईला काय दाखवता येईल?

प्रतिसाद:
अहो, मिशीचं नंतर, आधी बेत उलटा करा. जॉली बॉय महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि ते सोमवारी बंद असतं. दुसरं म्हणजे 2 ते 7 हे 17 तास झाले. दाबाखालची हवा घेताना नायट्रोजन अंगात विरघळतो, आणि विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान 12 आणि एकापेक्षा जास्त केल्या तर किमान 18 तास विमान टाळायचं. शिवाय हवा बिघडली की बोटी रद्द होतात, तेव्हा आदल्या दिवशीच्या बोटीवर विसंबूच नका. रविवारीच स्वराज द्वीपला जा, मंगळवारी डाइव्ह, बुधवारी परत, गुरुवारी जॉली बॉय. वर तरंगत स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्यात डोकावणं) केल्याने विमानाला काही बाधा नाही.

कान दुखायची वाट बघायची नाही. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, अगदी पहिल्या मीटरपासून, दर थोड्या खोलीला. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, पण कानाची परीक्षा सुरुवातीच्या दोन-चार मीटरांतच होते. कळ आली तर हाताने खूण करून थोडं वर यायचं. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द, पैसे गेले तरी चालतील.

मिशी राहू द्या. नाकाखालची पट्टी तेवढी कातरा, मास्कची कड तिथेच टेकते. नंबरचे मास्कही मिळतात. मुलाचं मात्र यंदा नाही. पाडी (PADI) या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमाने समुद्रातल्या पहिल्या डाइव्हला 10 वर्षं पूर्ण लागतात. लाइफ जॅकेट घालून स्नॉर्कलिंग करू दे, फक्त प्रवाळावर पाय टेकू नको हे आधीच घोकून घ्या. दगड वाटतो, पण जिवंत असतो. 2010 साली पाणी तापून तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते, वर आपल्या फिन्सचे फटके नकोत. शंखशिंपलेही उचलू देऊ नका.

आईंसाठी जॉली बॉयला काचेच्या तळाची बोट आहे. पण मोठ्या बोटीतून छोट्या बोटीत उतरावं लागतं, तेव्हा गुडघ्यांचं आधीच सांगून दोघांनी हात द्या. वनखात्याचं परमिट आधी काढा, पाणी स्टीलच्या बाटलीत न्या. प्लॅस्टिक चालत नाही.

धागाकर्ता:
सोमवारचं डोक्यातच आलं नव्हतं, वाचवलंत! बोटीची तिकिटं आजच बदलली. मुलगा रुसलाय, आई खूश आहे. मिशीची पट्टी सराव म्हणून काल आरशासमोर कातरली, डावी बाजू जरा जास्तच गेली. आता एकच: उणे 5 चा मास्क तिथे भाड्याने मिळतो, की इथूनच घेऊन जाऊ?