नाताळची भेट म्हणून कोकणातली सहल: तुमचे अनुभव आणि बारकावे

नाताळात कपडे, मोबाइल, खेळणी देण्याऐवजी घरच्या सगळ्यांना चार दिवस किनाऱ्यावर न्यायचं, ही भेट मला फार मोलाची वाटते. पण बहुतेक वेळा पाकिटात 'यंदा फिरायला जाऊ' एवढीच चिठ्ठी असते आणि तारीख ठरेपर्यंत मे उजाडतो. रेल्वे, खोल्या, होड्या, समुद्र यांतलं ज्यांना नीट कळतं त्यांनी इथे लिहावं. 'खूप मजा आली' एवढ्याने पुढच्याचं काम होत नाही. तारखा, वेळा, कुठे अडतं आणि का अडतं, ते हवं.

माझं मत आधी सांगतो. भेट नाताळला द्यावी, जावं मात्र नंतर. २४ डिसेंबर ते १ जानेवारी या दिवसांत काशीद, गणपतीपुळे, तारकर्ली सगळीकडे दर चढलेले असतात आणि बरेच जण किमान दोन-तीन रात्रींची अट घालतात. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की गर्दी ओसरते, हवा तीच राहते. पाकिटात तिकीट, खोलीच्या आगाऊ रकमेची पावती आणि एक कागद ठेवा. त्यावर कोण कुठल्या खोलीत, काय भरलं, काय द्यायचं राहिलं हे लिहिलेलं असावं. भेट घेणाऱ्याला एकही फोन करावा लागता कामा नये.

रुळावरचा:
१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. ९ जानेवारीला निघायचं तर १० नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता तयार बसायचं, म्हणजे भेट देण्याच्या दीड महिना आधी. १२ तारखेचं परतीचं तिकीट त्या दिवशी मिळणार नाही, त्यासाठी १३ नोव्हेंबरला पुन्हा बसा.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्र उलटल्यावर लगेच सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघणार असाल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं. कोकणकन्या एक्सप्रेस मुंबईहून रात्री अकरानंतर निघते आणि पनवेलला येईपर्यंत तारीख बदलते. एक भाऊ ठाण्याला आणि दुसरा वेगळ्या तिकिटावर पनवेलला चढणार असेल, तर दोघांच्या तिकिटांवर वेगळ्या तारखा हव्यात. एकच टाकली की दोघं वेगवेगळ्या रात्रींच्या गाड्यांत.

खालच्या बर्थचा कोटा ६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रियांना आहे, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तर. सहा जणांचं एकत्र तिकीट काढलं की आजीला वरचा बर्थ येऊ शकतो. आजी-आजोबांचं वेगळं काढलं तर डबा दुसरा मिळू शकतो. रात्रीच्या गाडीला मी वेगळंच काढा म्हणेन, वर चढण्यापेक्षा शेजारच्या डब्यात जाऊन विचारपूस करणं सोपं. दिवसा बसून जायच्या जनशताब्दीला हा प्रश्नच नाही.

उतरायचं कुठे? मालवण-तारकर्लीला कुडाळ किंवा कणकवली, गणपतीपुळ्याला रत्नागिरी, गुहागरला चिपळूण, दापोलीला खेड. स्टेशनावरची गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. सात सीटर म्हटली तरी तिसरी रांग भरली की बॅगांना जागा उरत नाही. ड्रायव्हर सोडून चार-पाच माणसंच धरा.

देवबागची खोलीवाली:
आम्हाला फोनवर 'सहा जण' एवढंच सांगू नका. जोडपी किती, मुलं किती, गुडघे कोणाचे दुखतात, तेही सांगा. तळमजल्यावरची, कमोडच्या बाथरूमची खोली प्रत्येक घरात एखादीच असते आणि ती आधी विचारणाऱ्याला जाते. वाळूपर्यंत पायऱ्या किती, वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो की नुसता दिवा, आंघोळीला बंब की गिझर, हे विचारायला लाजू नका.

जेवणाचा आकडा आदल्या संध्याकाळी द्या. मासळी सकाळीच घेतली जाते. दुपारी बाराला 'अजून तीन थाळ्या' म्हणालात तर सुरमई संपलेली असते, मग बांगड्यावर भागवावं लागतं. शाकाहारी किती, सोमवार पाळणारे किती, ते वेगळं कळवा.

आणि कृपा करून, आईला सुट्टी भेट देताना पैसे वाचवायला स्वयंपाकघर असलेली जागा घेऊ नका. सकाळच्या चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत सगळं तिच्याच गळ्यात पडतं. दोन्ही वेळचं जेवण आणि न्याहारीचे घावणे-आंबोळ्या धरूनच दर ठरवा.

तारीख पक्की करण्याआधी आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कधी आहे ते पाहा. ती तिथीवर नाही, देवीच्या कौलावर ठरते, म्हणून कॅलेंडरवरून आधी अंदाज बांधता येत नाही. त्या दिवसांत मालवण, कणकवली, कुडाळ चाकरमान्यांनी भरून जातं. गणपतीपुळ्याला अंगारकी आणि माघी गणेश जयंती टाळा.

वसईकर:
६ जानेवारीनंतरचं सगळ्यांना जमत नाही. आखातात किंवा बोटीवर नोकरी करणारे नाताळ धरूनच येतात आणि लगेच परततात. अशा घरांनी १० ते २० डिसेंबर धरावं. खोल्या मिळतात, दरही साधेच असतात. मात्र १० डिसेंबरचं तिकीट ११ ऑक्टोबरला उघडतं आणि शाळांची स्नेहसंमेलनं याच सुमारास असतात, म्हणून आधी शाळेत विचारा.

भावंडं मिळून भेट देत असतील तर फक्त आईवडिलांचा खर्च समान वाटावा, आपापल्या कुटुंबाचा ज्याचा त्याने करावा. सगळ्याची बेरीज करून तीनने भागलं की दोघांचं घर चौघांच्या घराचा भार उचलतं, आणि कुरबुर तिथेच सुरू होते.

भांग-उधाण:
तारीख निवडताना तिथी बघत चला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं, थोडा वेळ इकडेतिकडे धरायचा.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर तृतीया-चतुर्थीची सकाळ चांगली. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, पाणी तेवढं हटत नाही. मुलांना संध्याकाळी रुंद पुळण हवी असेल तर पौर्णिमा-अमावास्या गाठा, सहाच्या सुमारास ओहोटी असते. पण ओहोटीत खाडीच्या तोंडाशी कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पाणी वरून शांत दिसतं आणि माणसाला बाहेर खेचतं. मुलांना किनाऱ्यावर नेताना पहिली सूचना हीच द्या.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत चढताना-उतरताना पाऊल उंच टाकावं लागतं आणि होडी हलत असते. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांना आधी विचारा. नुसती खाडीतली फेरी त्यांना जास्त सुखाची.

पाण्याखालचा:
मालवणला स्कुबा भेट देणार असाल तर दोनच गोष्टी. सर्दी असताना उतरू नये, कारण नाक चोंदलं की कानातला दाब सुटत नाही आणि पडद्याला इजा होते. परतीचा प्रवास मोपा किंवा चिपीहून विमानाने असेल तर स्कुबा पहिल्या दिवशी उरका. एका बुडीनंतर विमानापूर्वी किमान १२ तास जायला हवेत.

वेळासप्रेमी:
लहान मुलांना पाकीट कळत नाही. २५ तारखेला त्यांच्या हातात सहलीशी जोडलेली वस्तू द्या: दुर्बीण, बादली-फावडं, पोहण्याचा चष्मा.

मुलं सात-आठ वर्षांची असतील तर सहल फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळास किंवा आंजर्ल्याला न्या. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं त्या सुमारास समुद्रात सोडतात. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी, अशा दोनच वेळा. अंडी कधी फुटतील याची खात्री कोणी देत नाही, म्हणून एकच रात्र ठेवू नका. दोन रात्री ठेवल्या तर पिल्लं दिसण्याच्या संधी वाढतात, आणि तरीही दिसली नाहीत तर मुलांना ते आधीच समजावलेलं असावं. वाळूत टॉर्च आणि फ्लॅश बंद. राहणं गावातल्या घरांतच, त्यामुळे बाथरूमचं आधी विचारा.

नवीन सभासद:
तिकीट बहिणीच्या नावाने काढलं आणि तिला रजाच मिळाली नाही तर?

रुळावरचा:
तिकीट कन्फर्म असेल तर ते आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांपैकी कोणाच्याही नावावर करता येतं. गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज, तिकिटाची प्रत, दोघांची ओळखपत्रं आणि नात्याचा पुरावा घेऊन जा. हा बदल एकदाच होतो. वहिनी, मेहुणा, मामेभाऊ या यादीत नाहीत.