मदत हवी आहे: टूरिस्ट गाईडसाठीचं 1 लाखाचं कर्ज घ्यावं का?

नमस्कार मंडळी, (ही पोस्ट 2021 ची, कोविडच्या साथीतली)

मी औरंगाबादचा, अजिंठा-वेरूळचा परवानाधारक गाईड. माझे पाहुणे मुख्यतः जपानी. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे लेणी बंद झाली, डिसेंबरात उघडली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद. आता उघडली आहेत, पण फर्दापूरच्या टी-पॉइंटवर लेण्यांकडे नेणाऱ्या बसगाड्या रिकाम्या उभ्या दिसतात. आम्हाला पगार नसतो. ग्रुप आला तरच घरात पैसा.

28 जून 2021 ला अर्थमंत्री सीतारामन यांनी पर्यटनासाठी कर्जहमी योजना जाहीर केली. केंद्राची किंवा राज्याची मान्यता असलेले 10,700 गाईड त्यात धरलेत. गाईडला 1 लाखापर्यंत, ट्रॅव्हल एजन्सीला 10 लाखांपर्यंत. हमी शंभर टक्के सरकारची, तारण नाही, प्रोसेसिंग फी नाही. कागदपत्रं घेऊन बँकेत गेलो, तर साहेबांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "सर्क्युलर आलेलं नाही," म्हणाले आणि वर आयटी रिटर्न मागितले. माझ्या परवान्याचं नूतनीकरण लॉकडाऊनमुळे रखडलंय. तेवढ्यावरून नाव गळेल का? कुणी अर्ज केला असेल तर कोणते कागद लागले, कुठे दिले, एवढं तरी सांगा.

दुसरी अडचण मोठी आहे. कर्ज मिळालं तरी हप्ता कशातून भरायचा? आंतरराष्ट्रीय विमानं सुरू होईपर्यंत परदेशी पाहुणा येणार नाही, म्हणजे भिस्त आपल्याच लोकांवर. जपानने जुलै 2020 मध्ये 'गो टू ट्रॅव्हल' ही योजना काढली. देशातल्या देशात फिरणाऱ्याला सहलीच्या खर्चात 35 टक्के सूट आणि वर 15 टक्क्यांची कूपनं, तीही त्या भागातल्या दुकानांत चालणारी. रुग्ण वाढले तशी डिसेंबरअखेर थांबवली, आणि ते बरोबरच होतं. पण मदत गिऱ्हाइकाच्या हातून गावात पोचत होती, हे मला फार पटलं. आपल्याकडे ऑक्टोबर 2020 मध्ये एलटीसीचे, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रवास सवलतीचे, पैसे उलट वस्तूखरेदीकडे वळवले. साथ ओसरल्यावर तरी असं काही इथे व्हायला हवं, त्यात गाईडची फी धरून.

कारण पुण्या-मुंबईची कुटुंबं येतात, पण गाईड घेत नाहीत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर मोबाईल धरतात आणि त्याच्या हातातलं निळं कमळ न बघताच बाहेर पडतात. मला त्यांना ते दाखवायचंय, मराठीत, बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांसकट. तुम्ही सहकुटुंब आलात तर किती फी द्याल? आधी फोनवर ठरवायला आवडेल की तिथेच? मोकळेपणाने लिहा, त्यावरच कर्जाचं ठरवणार आहे.