बांगड्याचं तिखलं तसंच परत गेलं

ग्रुप: घरची माणसं
सोमवार, रात्री ८:१२ पासून

सुधाआत्या: कोणाला उद्देशून नाही, पण मनात आलं ते लिहिते. काल सकाळी साडेसहाला दादरच्या बाजारात उभी राहून बांगडे आणले. माझ्या गुडघ्याचं सगळ्यांना माहीत आहे. गावची तिरफळं घालून तिखलं केलं. एक ताट जसंच्या तसं उचललं गेलं. आधी सांगितलं असतं तर वरणभात लावला असता.

मंदार: आत्या, सॉरी गं. प्राजक्ताने प्रयत्न केला होता.

सुधाआत्या: मी नाव घेतलंय का कोणाचं?

केदार: घ्यायची गरजच नाही, काल ताटं चारच होती 😀

बापूकाका: ताज्या माशाक वास येणा नाय.

सुधाआत्या: दादा, म्हणजे माझे बांगडे शिळे होते असं म्हणायचंय?

विद्याताई: आज सोमवार आहे. माशांचे फोटो कृपया उद्या टाका.

केदार: ताई, फोटो कोणी टाकलाय?

विद्याताई: टाकाल म्हणून आधीच सांगितलं.

नीलाकाकू: वन्सं, तुमच्या हातच्या तिखल्याबद्दल कोणी काही बोलणारच नाही. पण समुद्राच्या माशाची सवय नसलेल्या माणसाला पहिलाच घास बांगड्याचा? बांगडा तेलकट, वासाला उग्र, त्यात काटे, वर तिरफळाने जिभेला मुंग्या. मी १९८८ साली साताऱ्याहून या घरात आले तेव्हा सहा महिने नाकाला पदर होता. सासूबाईंनी मला मासा वाढलाच नाही. आधी नुसती सोलकढी. मग कोळंबीभात, त्यातली कोळंबी बाजूला काढली तरी चालेल म्हणाल्या. मग एक दिवस रवा लावून तळलेली मुडदुशी. माझ्या समोर बसून त्यांनी बोटांनी वरचं मांस बाजूला केलं, शेपटीकडून मधला काटा धरला आणि अख्खा उचलून ताटाच्या कडेला ठेवला. म्हणाल्या, संपला काटा, आता खा. बांगडा मी दुसऱ्या वर्षी खाल्ला, तोही स्वतः मागून.

सुधाआत्या: हो, आईने तुझे लाड केले. मुडदुशी तुला आणि आम्हाला कायम काट्याच्या तारल्या. काटे काढून द्यायला आमच्या समोर कोणी बसलं नाही.

नीलाकाकू: वन्सं, छत्तीस वर्षांपूर्वीची मुडदुशी आज कशाला?

सुधाआत्या: छत्तीस नाही, जास्त झाली. आणि विषय तू काढलास.

बापूकाका: ताज्या माशाक वास येणा नाय.

केदार: सरळ पापलेटने सुरुवात करा. २०२३ पासून राज्याचा मासा आहे, काटे कमी, वास सौम्य.

मंदार: भाव बघितलास का?

केदार: मग बटाट्यात मिसळून कटलेट कर. खाऊन झाल्यावर सांगायचं की आत मासा होता.

नीलाकाकू: केदार, हे अजिबात करायचं नाही. एकदा फसवलं की पुढची दहा वर्षं ती आपल्या घरचं बटाट्याचं कटलेटसुद्धा उघडून बघेल. आणि एखाद्याला मासा किंवा कोळंबी खरोखरच सोसत नसेल तर?

विद्याताई: नीलाकाकूंना अनुमोदन. खाल्ल्यावर घसा खाजला, ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या तर ती आवडनिवड नाही, ॲलर्जी आहे. तिथे आग्रह बंद आणि डॉक्टर.

स्नेहल (केदार): आमच्या ईराचं पण तेच चाललंय. मासा दिसला की तोंड फिरवते. हा दाबून भरवायला जातो आणि मग ती भातही खात नाही.

केदार: घरचं इथे कशाला?

स्नेहल (केदार): सगळ्यांचंच चाललंय म्हणून. मुलांना नवी चव पटायला कधी कधी दहा-पंधरा वेळा थोडं थोडं समोर यावं लागतं. एक तुकडा ताटात ठेवायचा आणि त्यावर बोलायचं नाही. हे तुला किती वेळा सांगितलं?

प्राजक्ता: नमस्कार 🙏 मी पण ग्रुपवर आहे. आत्या, माफ करा. तुम्ही इतक्या सकाळी जाऊन आणलेलं मी टाकलं, याचं मलाच वाईट वाटतंय. आमच्या भंडाऱ्याला मासे खातात, पण तलावातले. रोहू, मरळ, झिंगे. झिंग्याची चटणी तर मला खूप आवडते. लहानपणी एकदा बाबांनी बर्फातलं पापलेट आणलं होतं. शिजायला ठेवल्यावर घरभर असा वास सुटला की शेवटी टाकून दिलं. तेव्हापासून समुद्राचा मासा म्हटलं की नाक आपोआप बंद होतं. काल घास तोंडात घेतला, काटा लागला, आणि वर बघितलं तर सगळे माझ्याकडेच बघत होते. मग गिळताच येईना.

बापूकाका: ताज्या माशाक वास येणा नाय.

मंदार: बाबा, कळलं हो 🙏

विद्याताई: मंदार, काकांची थट्टा नको, त्यांचं बरोबर आहे. समुद्राच्या माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं. त्याला स्वतःला वास नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो बहुतेक तोच. मासा जितका वेळ पडून, तितका वास जास्त. तलावाच्या माशात हे द्रव्य फारसं नसतं, म्हणून प्राजक्ताला हा वास परका. आंबट लागलं की हे अमाइन बांधलं जातं आणि वास उडत नाही. तुकड्यांना कोकमाचं आगळ किंवा लिंबू, मीठ, हळद लावून थोडा वेळ ठेवायचे ते यासाठीच. सोमवार असला तरी एवढं सांगितलं.

नीलाकाकू: आणि तळायला रवा. रव्याचा कुरकुरीतपणा ओळखीचा असतो.

सुधाआत्या: तांदळाचं पीठ. रवा हॉटेलवाले लावतात.

नीलाकाकू: सासूबाई रवाच लावायच्या, वन्सं.

सुधाआत्या: तुला रवा. आम्हाला पीठ.

मंदार: आत्या 🙏

बापूकाका: प्राजक्ताक मालवणाक घेवन ये. रापणीचा जाळां वडतत तेव्हा किनाऱ्यार उभी ऱ्हवांदे. जिवंत मासो बघूंदे, हातात घेवंदे. खावक नको. नुसतो वास घेवंदे.

प्राजक्ता: बाबा, नक्की येईन.

(रात्री १०:०५)

सुधाआत्या: प्राजक्ता, मला वाटलं तुला आमचं घर आवडलं नाही. म्हणून लागलं. तू बोललीस ते बरं केलंस, पण ते माझ्याशी बोलायचं होतंस, मी काही परकी नाही. बुधवारी सुट्टी काढता येत असेल तर सकाळी माझ्याबरोबर बाजारात चल. कल्ला उघडून लाल आहे का बघायचं, बोटाने दाबल्यावर खळगा राहतो का बघायचं, डोळा फुगीर हवा. तू निवडशील तो मासा घेऊ. मुडदुशी मिळाली तर मुडदुशी, नाहीतर कोळंबी. वरणभात लावलेला असेल. आपण दोघीच स्वयंपाकघरात जेवू, बाकी कोणाला बोलावत नाही.

नीलाकाकू: वन्सं, मी येऊ का?

सुधाआत्या: बोलावत नाही म्हटलं ना. तू शुक्रवारी ये. रवा घेऊन ये तुझा.

प्राजक्ता: बुधवारी येते आत्या. एक विचारू? ती तिरफळं थोडी घरी नेली तर चालतील का? त्यांचा वास मला काल आवडला होता.

सुधाआत्या: काढून ठेवते डबीत. आतली काळी बी टाकून द्यायची, नुसती सालं घ्यायची. मंदारला येत नाही ते, मी दाखवीन.